विषमज्वर आला नाही, कावीळ आली

१९५५ सालच्या डिसेंबरात दिल्लीच्या रुग्णालयांत कावीळ झालेल्यांची रीघ लागली. जानेवारी सरता सरता साथ ओसरली; परंतु तेवढ्या अवधीत, नंतरच्या पाहणीच्या अंदाजानुसार, सुमारे २९,३०० माणसांना उघड कावीळ झाली होती. आजारी पडणाऱ्यांत मुलांपेक्षा तरुण माणसांचा भरणा अधिक होता. ही साथ पाण्यातून पसरली होती, आणि ते पाणी कुण्या उघड्या विहिरीचे नव्हते. तुरटी फिरवून, गाळून, क्लोरीन घालून राजधानीच्या नळांना सोडलेले होते.

दोष शोधताना चौकशी यमुनेच्या काठी पोहोचली. शहराच्या उत्तरेस वझीराबाद येथे नदीतून पाणी उचलले जाई. तेथून थोडे खाली, प्रवाहाच्या दिशेने, नजफगड नाला शहराचे सांडपाणी घेऊन यमुनेला मिळतो. उपशाची जागा वर आणि नाल्याचे मुख खाली, ही रचना नदी सरळ वाहते तोवर ठीक होती. त्या वर्षीच्या पावसाळ्याअखेर यमुनेला मोठा पूर आला. पूर ओसरल्यावर प्रवाह पलीकडच्या काठाकडे सरकला आणि उपशाजवळचे पाणी संथ झाले. नोव्हेंबरच्या मध्यास जवळजवळ आठवडाभर नाल्याची घाण उलट दिशेने उपशापर्यंत चढत राहिली.

जलशुद्धीकरण केंद्रातील माणसे हातावर हात ठेवून बसली होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पाणी बिघडल्याचे ध्यानात येताच शुद्धीकरणाची मात्रा वाढवण्यात आली. ती निष्फळही ठरली नाही. इतके सांडपाणी मिसळूनही शहरात विषमज्वर वाढला नाही, हगवण वाढली नाही. जिवाणू मेले होते. काविळीचे कारण मात्र जिवंत राहून घरोघरी पोहोचले.

त्या काळची पाण्याची तपासणी जिवाणूंभोवती उभी होती. नमुना दुग्धशर्करायुक्त द्रावणाच्या नळ्यांत घालून ३७ अंश सेल्सिअसला ठेवायचा आणि आत वायूचा बुडबुडा धरतो का ते पाहायचे. बुडबुडा धरला, तर आतड्यातले कॉलिफॉर्म जिवाणू असण्याची शंका घ्यायची. निकालाला ४८ तासांपर्यंत वेळ लागे. तोवर ते पाणी पिऊन झालेले असे. मुख्य अडचण वेगळीच होती. कॉलिफॉर्म हे केवळ साक्षीदार आहेत. ते आढळले तर मैला मिसळल्याचे कळते. पण क्लोरीनने साक्षीदारच मारला आणि विषाणू तगून राहिला, तर नळीत काहीच दिसत नाही. सांडपाण्यातला अमोनिया क्लोरीनला बांधून त्याचा जोर कमी करतो आणि गढूळपणाचे कण विषाणूला आडोसा देतात. वझीराबादला उचललेल्या पाण्यात सांडपाणीही होते आणि गाळही.

साथीचा सर्वांत क्रूर भाग गर्भवतींच्या वाट्याला आला. इतर रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अल्प होते. रुग्णालयांत दाखल झालेल्या गर्भवतींपैकी मात्र दर दहांमागे सुमारे एक दगावली. डॉक्टरांनी ही गोष्ट १९५७ साली नोंदवून ठेवली. तिचा अर्थ लागायला दोन तपे जावी लागली.

तोवर दिल्लीची साथ ‘संसर्गजन्य कावीळ’ म्हणजेच आजचा हिपॅटायटिस-ए, अशी सर्वांची समजूत होती. वस्तुतः त्यात एक विसंगती होती. भारतात हिपॅटायटिस-ए लहानपणीच बहुतेकांना होऊन जात असे आणि त्याची प्रतिकारशक्ती जन्मभर टिकते. मग हजारो प्रौढ आजारी पडले ते कशाने?

याचे उत्तर जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांत होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील खुर्शीद पावरी, श्रीनिवासन आणि प्रसाद यांनी अमेरिकन संशोधकांसह १९५५-५६ च्या दिल्लीतील आणि १९७५-७६ च्या अहमदाबादेतील साथींचे रक्तद्रव तपासले. १९८० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: हा ‘ए’ नव्हे, ‘बी’ही नव्हे. त्याच वर्षी काश्मीरमधील साथीचा अभ्यास करून मोहम्मद सुलतान खुरू यांनीही स्वतंत्रपणे तेच मांडले. नवा विषाणू प्रत्यक्ष दाखवला तो मॉस्कोच्या मिखाईल बालायान यांनी, आणि तोही स्वतःच्या जिवावर उदार होऊन. अफगाणिस्तानात आजारी पडलेल्या सोव्हिएत सैनिकांच्या विष्ठेचा अर्क ते प्याले, त्यांना कावीळ झाली आणि स्वतःच्याच विष्ठेत त्यांना विषाणूचे कण सापडले. ‘हिपॅटायटिस-ई’ हे नाव पुढे रूढ झाले.

पिण्याच्या पाण्याचे आजचे भारतीय मानक, आयएस १०५००, १०० मिलिलिटर पाण्यात कॉलिफॉर्म मुळीच नसावेत असे सांगते. पण तेवढ्यावर थांबत नाही. २०१२ च्या आवृत्तीत विषाणूंसाठी वेगळी अट आहे. ग्राहकाच्या नळाला एरवी दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा. विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेथे ०.५. गढूळपणाची इष्ट मर्यादाही १ एककावर आणली आहे. मात्र गावोगावच्या पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत आजही पहिला मान कॉलिफॉर्मचाच असतो. विषाणू शोधणारी चाचणी महाग आहे आणि ती मोजक्याच प्रयोगशाळांत होते.