मेंढा (लेखा)

मेंढा (लेखा) : गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील गोंड आदिवासींचे छोटे गाव. गडचिरोली–धानोरा रस्त्यालगत, धानोऱ्यापासून तीनेक किलोमीटरवर ते वसले असून जवळून कठाणी नदी वाहते. लोकसंख्या जेमतेम पाचशेच्या आसपास, पण गावाच्या ताब्यातील जंगल सुमारे १,८०० हेक्टर. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेमुळे हे गाव देशभर ओळखले जाते. आदिवासी संस्कृतीच्या जतनाचा विचार बहुधा नृत्य, वेशभूषा आणि संग्रहालये यांपाशी थांबतो. मेंढ्याचा इतिहास वेगळे सांगतो. येथील गोंड जीवनरीत टिकली, कारण जंगलाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार गावाने स्वतःकडे खेचून आणला आणि तो रोज वापरला.

जमीनदारीच्या काळात येथील लोकांना निस्तार हक्क होते. घरासाठी लाकूड, कुंपणासाठी बांबू, खाण्यासाठी मोह-चारोळी, गुरांसाठी चराई हे सारे त्यांत येई. १९५० नंतर जमीनदारी संपली, जंगल सरकारजमा झाले आणि हे हक्क आक्रसत गेले. गावकऱ्याने बांबू तोडला तर तो गुन्हा ठरे, तर कागद कारखान्याला त्याच बांबूचा ठेका मिळे. १९८०च्या दशकात इंचमपल्ली व भोपालपट्टणम या प्रस्तावित धरणांनी या भागातील गावे व जंगले बुडण्याची वेळ आणली. त्याविरुद्धच्या ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलनात आदिवासी नेते लालशाम शाह, समाजसेवक बाबा आमटे यांच्याबरोबर मेंढ्याचे लोकही होते. धरणे थांबली, घरी परतलेल्या गावाने आपल्याच कारभाराकडे नजर वळवली. याच सुमारास गावाने गोटुल, म्हणजे गोंड तरुणांचे पारंपरिक एकत्र येण्याचे घर, नव्याने उभारले. जंगलातील लाकूड वापरले म्हणून वनखात्याने ते पाडले. आसपासची गावे मेंढ्याच्या पाठीशी उभी राहिली आणि गोटुल पुन्हा बांधले गेले. तरुणांना जीवनरीत शिकवणारी ही संस्था आणि जंगलावरचा हक्क यांची एकमेकांपासून फारकत करता येत नाही, हे या प्रसंगाने स्पष्ट केले. लाकडावर हक्क नसेल, तर गोटुलही परवानगीवरच जगते.

ग्रामसभेची रीत हा मेंढ्याचा गाभा आहे. निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. घरटी पुरुषाबरोबर स्त्रीनेही बसावे, असा दंडक आहे. माहिती तपासण्यासाठी वेगळे अभ्यास मंडळ भरते. तेथे बाहेरचे जाणकार येतात, पण निर्णय ग्रामसभाच घेते. फळांसाठी किंवा मधासाठी झाड आडवे करायचे नाही, जंगलाला आग लावायची नाही, घराघरातून आळीपाळीने राखणीला जायचे, हे नियम तिनेच घातले.

कायदा नंतर आला. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांसाठीच्या १९९६च्या पेसा कायद्याने परंपरा, सांस्कृतिक ओळख व सामूहिक साधनसंपत्ती जपण्यास ग्रामसभा सक्षम असल्याचे मान्य केले. २००६च्या वन हक्क कायद्याखाली २००९ मध्ये मेंढा व शेजारचे मर्दा यांना सामूहिक वनहक्क मिळाले. देशातील या पहिल्याच मान्यतांपैकी त्या होत. तरीही बांबू विकायला निघाल्यावर वाहतूक परवाना अडला. १९२७च्या वन अधिनियमानुसार बांबू हे झाड आहे, असा वनखात्याचा दावा होता. नव्या कायद्याने त्याला स्पष्ट शब्दांत गौण वनोपज म्हटले होते. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. ज्या कागदावर आजवर वनाधिकाऱ्याची सही लागे, त्यावर आता ग्रामसभेची सही चालू लागली. बांबूच्या उत्पन्नातून गावाला मजुरी मिळाली आणि ग्रामकोष उभा राहिला.

या वाटचालीवर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, संसदेने दिलेला हक्क संसद काढूनही घेऊ शकते, मग याला स्वराज्य कसे म्हणावे? अमेरिकेतील मूलनिवासी ओजिब्वे लोकांशी तुलना येथे उपयोगी पडते. १८३७च्या तहात त्यांनी जमीन दिली, पण शिकार, मासेमारी व वनोपज गोळा करण्याचा हक्क राखला; मिनेसोटा राज्याविरुद्धच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो १९९९ मध्ये कायम केला. मेंढ्याजवळ असा तह नाही, ही उणीव खरीच. पण तह असूनही ओजिब्वेंना दीड शतकाहून अधिक झगडावे लागले. कागद कोणताही असो, तो वापरणारा समाज संघटित नसेल तर निरुपयोगी ठरतो. दुसरा आक्षेप, हे सारे गावचे नेते देवाजी तोफा व ‘वृक्षमित्र’ या संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळेच घडले. त्यांचे श्रेय मोठे आहे. मात्र सर्वसहमतीच्या रीतीत एकट्या नेत्याला निर्णय लादता येत नाही. तिसरा, पैसा आला की जंगल संपेल. जंगल तोडून निघून जाणे ठेकेदाराला परवडते, कारण त्याची मुदत संपते. मेंढ्याला त्याच जंगलात पुढच्या पिढ्या वाढवायच्या आहेत.

२०१३ मध्ये गावाने महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ चा आधार घेऊन खासगी शेतजमीनही गावाच्या स्वाधीन करण्याचे ठरवले. पुण्याजवळच्या, पिंपरी-चिंचवड महापालिकेत सामावलेल्या वाकड गावाशी ताडून पाहिले, तर या निर्णयाचे मोल कळते. हिंजवडीच्या आयटी पार्कशेजारी जमिनीचा भाव चढत गेला, विक्रीचा निर्णय एकेका सातबाऱ्यावर झाला आणि गाव म्हणून ‘नको’ म्हणू शकेल अशी ग्रामसभा शहरात उरली नाही. अनुसूचित क्षेत्रातील गावांना ती आजही आहे. आदिवासी संस्कृती टिकावी असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी महोत्सवांच्या आधी ग्रामसभांचे प्रलंबित वनहक्क दावे मार्गी लावण्याचा आग्रह धरला पाहिजे.