हास्यवायू आणि बाबांची फियाट

आमच्या फियाटच्या डिकीने आयुष्यात बरंच काही पाहिलेलं आहे. देवगडचे आंबे, गणपतीचं मखर, एकदा एक अख्खं शिवणयंत्र, आणि पावसाळ्यात तर एक लहानसं तळंसुद्धा. पण गेल्या दिवाळीत भाचेबुवा चेन्नईहून आले आणि ऐन जेवताना, श्रीखंडाची वाटी पुढे ओढत म्हणाले, “मामा, डिकीत एक बाटली बसवू या का?”

बाटली म्हटल्याबरोबर सौ.ने माझ्याकडे पाहिलं. वास्तविक तिने त्याच्याकडे पाहायला हवं होतं. पण पस्तीस वर्षांच्या संसारात संशयाची दिशा ठरून गेलेली असते.

“नायट्रस ऑक्साइडची,” त्याने खुलासा केला.

आता या नायट्रस ऑक्साइडची नि माझी जुनी ओळख. कॉलेजात असताना माझं अपेंडिक्स काढलं, तेव्हा नाकावर मास्क ठेवून जे काय हुंगवलं त्यात हाच होता, असं डॉक्टर मागाहून म्हणाले. याला हास्यवायू म्हणतात. मी हसलो मात्र नाही. शुद्धीवर येताना मी म्हणे नर्सला दुधाचा हिशेब विचारत होतो. असला वायू मोटारीला पाजून काय साधणार? फियाट फार तर पेट्रोलचा हिशेब विचारील.

“मामा, गाडीत चाळीस घोडे आहेत. हा वायू दिला की वीसेक घोडे वाढतील. बटण दाबलं की झालं!”

फियाट १०८९ सी.सी.ची, घोडे चाळीस, हे खरं. पण ते कारखान्यातून निघाले तेव्हाचे. त्यातले निम्मे केव्हाच पेन्शनीत गेलेले. आणि गाडी बाबांची. बाबा गेल्यावर त्यांच्या कपाटातलं सगळं आम्ही भावंडांनी वाटून घेतलं, गाडी मात्र कुणी मागितली नाही आणि मी कुणाला दिली नाही. भाच्याचे वडील तो नववीत असताना गेले. त्याला स्टेअरिंग धरायला मी शिकवलं ते याच गाडीवर. आता त्याला ती चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर पळवायची होती. “एके काळी शोलावरमला, लढाईतल्या जुन्या धावपट्टीवर, फियाटच तर पळायच्या!” हा त्याचा मुद्दा. ताईचा दुसऱ्या दिवशी फोन. “तूच सांग रे त्याला. तुझंच ऐकतो.” हे वाक्य ज्या माणसाला उद्देशून म्हटलं जातं त्याचं सहसा कुणी ऐकत नसतं.

बाबा मास्तर होते. कशालाही नाही म्हणायचं तर वाचून म्हणावं, असा त्यांचा दंडक. म्हणून मी वाचायला बसलो.

हा वायू पहिल्यांदा केला जोसेफ प्रीस्टलीने, १७७२ साली. पण त्याला खरा प्रेमाने हुंगला तो हम्फ्री डेव्हीने. हा विशीतला पोरगा १७९९ मध्ये ब्रिस्टलला एका संस्थेत नोकरीला होता. तिथे वायू हुंगवून रोग बरे करायचे बेत चालत. हा स्वतःच रेशमी पिशवीतून हास्यवायू ओढायचा, मग मित्रांना ओढायला लावायचा. त्या मित्रांत कोलरिज आणि सदी हे दोन कवीही होते, म्हणजे निम्मं काम आधीच झालेलं. याच डेव्हीला अक्कलदाढ येत होती, हिरडी ठणकत होती, आणि वायू घेतल्यावर ठणका कमी झाला. १८०० सालच्या आपल्या पुस्तकात त्याने लिहूनही ठेवलं, की शस्त्रक्रियेत याचा उपयोग व्हायला हरकत नाही. अक्कलदाढेने माणसाला अक्कल दिल्याचं माझ्या माहितीतलं हे एकमेव उदाहरण. पुढची चव्वेचाळीस वर्षं लोकांनी काय केलं? वायू हुंगला, हसले, घरी गेले.

१८४४ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी असाच एक हसण्याचा खेळ चालला होता. होरेस वेल्स नावाचा दातांचा डॉक्टर प्रेक्षकांत होता. वायू घेतलेल्या एकाने पाय चांगलाच खरचटून घेतला आणि त्याला पत्ताच नाही, हे त्याने पाहिलं. दुसऱ्याच दिवशी वेल्सने तो वायू हुंगून स्वतःची दाढ उपटवून घेतली. पुढच्या महिन्यात बोस्टनला डॉक्टर-विद्यार्थ्यांपुढे प्रयोग केला. वायू कमी पडला, रोगी ओरडला, सभागृहाने वेल्सची हुर्यो केली. १८४८ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या तुरुंगात त्याने जीव दिला. हास्यवायूच्या इतिहासात मला हसू न आलेलं हे पहिलं पान. वायू थोडा कमी पडला, एवढंच झालं होतं.

दवाखान्यातून हा वायू इंजिनात गेला तो दुसऱ्या महायुद्धात. फार उंचावर हवा विरळ होते आणि विमानाच्या इंजिनाला धाप लागते. पर्वतीच्या निम्म्या पायऱ्यांवर माझी होते तशी. जर्मनांनी टाक्यांतून द्रवरूप नायट्रस ऑक्साइड नेऊन तो इंजिनात सोडायची सोय केली. कारण सोपं आहे. हवेत वजनाने ऑक्सिजन असतो २३ टक्के, या वायूत ३६ टक्के. सुमारे ३०० अंश सेल्सिअसला त्याचा रेणू फुटतो आणि आतला ऑक्सिजन मोकळा होतो. जास्त ऑक्सिजन, म्हणून जास्त पेट्रोल जाळता येतं. शिवाय हा द्रव उणे ८८ अंशाला उकळतो, त्यामुळे आत शिरताना हवा गार नि दाट करतो. तो स्वतः जळत नाही (हे भाच्याने मला तीनदा बजावलं). जर्मन वैमानिक या यंत्राला ‘हाहा’ यंत्र म्हणत. जर्मनांनी केलेला विनोद जपून ठेवावा, म्हणून सांगितला. गंमत अशी, की ठरावीक उंचीच्या खाली या टाकीचा उपयोग नाही, नुसतं ओझं. आणि टाकी संपली की पुन्हा तीच धाप.

लढाई संपली आणि अमेरिकेतल्या हौशी लोकांनी हा जिन्नस जमिनीवर आणला. सरळ पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, सुसाट जायच्या शर्यतीत तो चपखल बसला. दहा-बारा सेकंदांचा कारभार. वायू संपायच्या आत शर्यत संपते.

पण हाव सुटली की लोक लबाडी करतात. फेब्रुवारी १९७६, फ्लोरिडातलं डेटोना. तिथे चार किलोमीटरच्या, भिंतीसारख्या कललेल्या ट्रॅकवर ५०० मैलांची शर्यत असते. कुणी पुढून सुटायचं हे ठरवण्याच्या चाचणीत ए. जे. फॉइट ताशी सुमारे ३०१ कि.मी. वेगाने पहिला आला. फॉइट म्हणजे काही गल्लीतला गडी नव्हे. इंडियानापोलिस तोवर तीनदा जिंकलेला, १९६७ मध्ये ल मान्सही मारलेलं. तपासनिसांनी गाड्या धुंडाळल्या. फॉइट आणि डॅरेल वॉल्ट्रिप यांच्या गाड्यांवर नायट्रसचा ठपका, डेव्ह मार्सिसवर रेडिएटरच्या भानगडीचा. पहिल्या तिघांच्याही वेळा रद्द! पहिली जागा मिळाली रॅमो स्टॉटला. त्याचा वेग ताशी २९५. म्हणजे एवढा उपद्व्याप कशासाठी, तर ताशी सहा किलोमीटरसाठी. आमची सौ. भाजी आणायला याहून जलद जाते. आणि शर्यत जिंकली कुणी? शेवटच्या फेरीत डेव्हिड पीअर्सन आणि रिचर्ड पेटी एकमेकांवर आदळले, दोघांच्या गाड्यांचे पत्रे लोंबले. पीअर्सनने इंजिन बंद पडू दिलं नाही, आणि तो ताशी तीसेक किलोमीटरने सरपटत रेषेपलीकडे गेला. तो वेग आमच्या फियाटला बिनवायूचा जमतो.

हे सगळं मी भाच्याला ऐकवलं. तो म्हणाला, “मामा, ती लबाडी होती. मी काही शर्यत लावत नाहीये. नुसती गाडी फिरवायची आहे.”

मुद्दा बिनतोड होता. मग मी त्याच्याच शास्त्राकडे वळलो. डेटोनाचा तो ट्रॅक म्हणजे एक मोठी कढई. इरुंगट्टुकोट्टईचा साधारण ३.७ कि.मी.चा आणि बारा वळणांचा. असल्या डाव्या-उजव्या वळणांच्या ट्रॅकवर हा वायू सरळसरळ अडचणीचा. बटण फक्त पॅडल तळापर्यंत दाबलेलं असतानाच वापरायचं. वळणाच्या पोटात अचानक वीस घोडे उधळले तर मागची चाकं सरकलीच. बाटलीत तळाशी नळी असते, तिने द्रव ओढायचा. पण वळणावर द्रव एका अंगाला, ब्रेक मारला की पुढे. नळीच्या तोंडाशी नुसता वायू येतो आणि घोडे मध्येच बसतात. बाटली रिकामी होत जाते तशी गार पडते, दाब उतरतो. शंभर घोडे हवेत म्हटलं तर साडेचार किलोची बाटली दीड-पावणेदोन मिनिटांत खलास. वीस घोड्यांना पाचपट पुरेल, पण मग वीसच मिळतील. आणि पेट्रोल कमी पडून वायू जास्त झाला, तर पिस्टन वितळतो. बाबांच्या गाडीचा पिस्टन!

“आंतरराष्ट्रीय नियमांत,” मी शेवटचा पत्ता टाकला, “पेट्रोलबरोबर हवेखेरीज दुसरं काही मिसळायचंच नाही, असं आहे. वळणावळणाच्या शर्यतींत बटण आलं ते वेगळंच. २००९ साली, फॉर्म्युला वनमध्ये. ब्रेक मारताना जी शक्ती वाया जायची ती साठवायची, आणि दर फेरीत साडेसहा सेकंद ऐंशी घोडे जास्तीचे. तेसुद्धा ब्रेकने कमावलेले, बाटलीतले उसने नव्हेत.”

भाचा काही बोलला नाही. चेन्नईला गेला. आठ दिवस फोन नाही. दर रविवारी साडेनऊला येणारा फोन वाजला नाही तेव्हा मी तीनदा रिसीव्हर उचलून पाहिला, यंत्र चालू आहे ना म्हणून. सौ. म्हणाली, “गाडी ठेवलीत ना? मग झालं तर.” ती असं शांतपणे बोलते तेव्हा मी खोलीतून निघून जातो.

मी गाडीत जाऊन बसलो. बाबांनी मला किल्ली दिली तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. पहिल्याच दिवशी मी ती लकडी पुलाजवळ एका टांग्याला लावली. बाबा आले, टांगेवाल्याला पैसे दिले, आणि मला म्हणाले, “घरी तूच ने.” मागे बसून ते सबंध वेळ पेपर वाचत होते. पेपर उलटा होता, हे मला आरशात दिसत होतं.

नवव्या दिवशी मीच फोन केला. म्हटलं, “बाटली नाही. पण गाडी ने.”

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग, “मामा, ब्रेक नवे लागतील. चारी ड्रम.”

“माझ्या खर्चाने.”

गाडी ट्रकवर चढून चेन्नईला गेली, मागोमाग मी रेल्वेने. उन्हात कठड्याला धरून उभा राहिलो. त्या दिवशी ट्रॅकवरच्या प्रत्येक गाडीने आमच्या फियाटला ओलांडलं, काहींनी दोनदा. तिसऱ्या फेरीला ती शेवटच्या वळणावरून अंग कलवून आली, टायर किंचाळत होते, आणि मी माझ्या नकळत “अरे, ब्रेक! ब्रेक!” असं मराठीत ओरडत होतो. शेजारचे तमिळ गृहस्थ मान हलवून सहमत झाले. चौथ्या फेरीनंतर भाचा आत आला. चारी चाकांतून जळका वास येत होता. हेल्मेट काढून त्याने विचारलं, “किती वेळ लागला?”

मी घड्याळाचं बटण दाबायलाच विसरलो होतो.

बाटली त्याने, विचारायच्या आधीच, विकत घेऊन ठेवलेली निघाली. रिकामी. ती आता आमच्या दिवाणखान्याच्या दाराला टेकवून ठेवली आहे. वाऱ्याने दार आपटत नाही.