आठ मिनिटांच्या खोल्या

आनंदीबाई जोशींना फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला तो एका पत्रावर. साल १८८३, वय अठरा. कॉलेजचं शिक्षण नव्हतं. आपल्या देशातल्या बायकांसाठी डॉक्टर व्हायचंय, हे त्यांनी लिहून कळवलं आणि डीन रेचल बॉडली यांना ते पटलं. १८८६ साली आनंदीबाई पदवीधर झाल्या.

हे आठवायचं कारण म्हणजे आमची भाची. कॅनडात वाढलेली. तिला मेडिकलच्या मुलाखतीचं बोलावणं आलंय आणि ताईचा एक दिवसाआड फोन: "अरे, काय विचारतात तिथे?" आता आपल्याकडे मेडिकल म्हणजे मार्कांचा खेळ. पुण्याच्या एएफएमसीसारखे अपवाद सोडले तर मुलाखतीशी आपला संबंध नाही. म्हणून जरा वाचत बसलो, आणि या मुलाखतीचा इतिहासच फार रंजक निघाला.

जुनी पद्धत साधी होती. टेबलापलीकडे दोन-तीन बुजुर्ग, अलीकडे घाम पुसणारा उमेदवार. वीस-तीस मिनिटांत ते ठरवणार, हा चांगला डॉक्टर होईल की नाही. पण त्यांना ते खरंच कळतं का?

याचा निकाल १९७९ साली टेक्सासमध्ये अगदी अपघाताने लागला. ह्यूस्टनच्या मेडिकल स्कूलने मुलाखती घेऊन १५० विद्यार्थी निवडले होते. तेवढ्यात राज्याच्या विधिमंडळाने जागा वाढवून २०० केल्या. मग आणखी ५० जण घेतले, आधी नाकारलेल्यांमधून. पुढे दोन्ही गटांची प्रगती ताडून पाहिली. अभ्यास, वॉर्डातलं काम, मध्येच शिक्षण सोडण्याचं प्रमाण... कशातच म्हणावा असा फरक नाही! १९८७ साली हे 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

हे वाचताना मला आमचा बाळूदादा आठवला. माझा चुलतभाऊ. ऐंशीच्या दशकात एका कॉलेजात त्याची मुलाखत झाली. दहा मिनिटं. पहिला प्रश्न, वडील काय करतात? नकार आला. नंतर त्याने दुकान टाकलं, छान चालवलं. पण 'आपण डॉक्टर व्हायच्या लायकीचेच नव्हतो' हे त्याने कायमचं मनावर कोरून घेतलं. ह्यूस्टनच्या त्या पन्नास जणांनाही आधी असाच नकार मिळाला होता. फरक इतकाच, की त्यांच्यासाठी विधिमंडळ धावून आलं.

असो. भाचीकडे वळू. तिला जी मुलाखत द्यायचीय ती ओंटारिओतल्या हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात जन्मली. केविन ईव्हा, हॅरॉल्ड रायटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली ती जगापुढे मांडली. नाव 'मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू'. मूळ कल्पना स्कॉटलंडची. डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिक परीक्षा अशीच ठिकठिकाणी फिरवून घ्यायला सुरुवात केली होती.

तर त्या दिवशी होतं काय? ओळीने खोल्या, मूळ आराखड्यात दहा. दाराबाहेर प्रश्न लावलेला, वाचायला दोन मिनिटं. घंटा झाली की आत, आठ मिनिटं बोलायचं. पुन्हा घंटा, पुढची खोली, नवा परीक्षक. एखाद्या खोलीत चिडलेल्या किंवा घाबरलेल्या माणसाचं सोंग घेतलेला नट असतो, त्याला समजवायचं. एखाद्या खोलीत पेच असतो. एक छापील नमुना वाचून मी हसलोच: एक डॉक्टर रुग्णांना होमिओपॅथीची औषधं सुचवतो, पण त्याचा स्वतःचा त्यांवर विश्वास नाही. हे योग्य का? (आपल्याकडे या प्रश्नावर आठ मिनिटं कशी पुरायची!)

यात 'बरोबर उत्तर' नसतं. दोन्ही बाजू बघता का, समोरच्याचं ऐकता का, हे पाहतात. आणि मला आवडलेली गोष्ट म्हणजे एक खोली बिघडली तर ती तिथेच संपते. पुढच्या परीक्षकाला त्याचा पत्ताही नसतो.

ही पद्धत जुनीपेक्षा बरी दिसते. २०१२ साली 'जामा'त आलेल्या अभ्यासात मॅकमास्टरने निवडलेल्यांना देशपातळीवरच्या परवाना परीक्षेत जास्त गुण मिळाले होते. तुलना होती मॅकमास्टरने नाकारलेल्या, पण दुसरीकडे शिकलेल्या मुलांशी. पण गंमत बघा, २०२० साली करोनामुळे मुलाखती रद्द झाल्या तेव्हा याच मॅकमास्टरने काही जागा चक्क चिठ्ठ्या टाकून भरल्या. म्हणजे दारापर्यंत पोचलेल्यांत लायक पुष्कळ असतात, जागा तेवढ्या नसतात, हे त्यांनाही मान्य असावं.

म्हणून ताई, तिला एवढंच सांग: झोप नीट काढ, घंटेला घाबरू नकोस, मागची खोली मागे सोड. आणि निकाल काहीही लागो, तो त्या दिवसाचा निकाल असतो, माणसाचा नव्हे. बाळूदादाला हे कुणी वेळेवर सांगितलं नाही.