कुठला खुबा बसवलाय?

केमहून माणसं रेल्वेनं सोलापूर-पुण्याला जाऊन खुबा बदलून येतात. आत कुठल्या कंपनीचा बसवला, विचारतंय कोण?

डेप्यू कंपनीचा ‘एएसआर’ खुबा ऑस्ट्रेलियात डिसेंबर २००९ मध्येच बाजारातून गेला. तिथं बदललेल्या सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे, दोष त्यातच दिसला. जगभरातून तो परत बोलावला ऑगस्ट २०१० मध्ये! भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झालेल्या. आपल्या एफडीएनं गुन्हा नोंदवला. पण साडेतीन हजारांवर रुग्ण सापडलेच नाहीत.

उपकरणांचे स्वतंत्र नियम आले १ जानेवारी २०१८ ला. देशोदेशीच्या नियामकांच्या ‘आयएमडीआरएफ’ मंचावर आपण संलग्न सदस्य झालो थेट २०२४ मध्ये.

घरात कुणाचा खुबा बदललाय? फाईलमध्ये कंपनीचं स्टिकर आहे का, आजच बघा.