काळ्या दगडाचा नफा, धानाच्या मापाने

गोंदियाहून बालाघाटकडे जाणारी छोटी लाइन १९०३ साली सुरू झाली आणि दोन वर्षांत जबलपूरला भिडली. अडीच फुटांच्या त्या रुळांवरून सातपुड्यातला बांबू आणि लाकूड खाली येई, तसाच बालाघाटजवळच्या भरवेली खाणीतला काळा, जड दगडही येई. हा दगड म्हणजे मँगनीजचे खनिज. गोंदियाला तो बंगाल-नागपूर रेल्वेच्या मोठ्या लाइनवर चढवला जाई, बंदर गाठी आणि तिथून इंग्लंड-युरोपच्या पोलाद भट्ट्यांकडे निघे. गोंदिया धानाचे गाव म्हणून ओळखले जाते, बिडीचेही आहे. पण त्याच्या जंक्शनपणात या दगडाचा वाटा मोठा, आणि तो सहसा कुणी मोजत नाही.

दगड काढणारी मुख्य कंपनी रेल्वेपेक्षा जुनी. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट १८९६ मध्ये स्थापन झाली. पुढे तिचे नाव सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी असे झाले. कंपनी ब्रिटिश, खाणी नागपूर, भंडारा आणि बालाघाटातल्या. तेव्हा गोंदिया भंडाऱ्यातच होते. वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. १९६२ मध्ये भारत सरकारशी करार होऊन मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड उभी राहिली. तिच्यात ५१ टक्के वाटा केंद्र, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या सरकारांचा, उरलेला ४९ टक्के जुन्या ब्रिटिश कंपनीचा. तोही १९७७ मध्ये सरकारने घेतला. हीच आजची मॉइल.

या धंद्याचा स्वभाव पहिल्या दहा वर्षांतच उघडा पडला. रशिया-जपान युद्ध आणि त्यामागोमाग कॉकेशसमध्ये उसळलेली अशांतता यांमुळे १९०५ च्या सुमारास रशियन मँगनीजचा पुरवठा कोलमडला. भाव वर गेले. मध्य प्रांतात जो तो टेकड्या उकरू लागला. १९०७ मध्ये भारताने सुमारे ९ लाख टन मँगनीज काढले आणि जगात पहिला क्रमांक मिळवला. त्याच वर्षाअखेर अमेरिकेत आर्थिक संकट आले, पोलादाची मागणी आटली आणि १९०८ मध्ये भाव आणि उत्पादन दोन्ही घसरले. भूगर्भशास्त्रज्ञ लुईस ली फर्मोर यांचा भारतातल्या मँगनीजवरचा हजार पानांवरचा ग्रंथ १९०९ मध्ये आला, म्हणजे नेमका तेजी ओसरल्यावर.

पुढचा झोका याहून मोठा होता. १९२७ मध्ये देशाचे उत्पादन ११ लाख टनांवर होते. जागतिक मंदीत, १९३२ मध्ये, ते २ लाख टनांच्या आसपास उरले. मध्य प्रांताचा माल स्वस्तात समुद्राला लागावा म्हणून रायपूर-विजयानगरम लाइन आणि विशाखापट्टणमचे बंदर बांधायला घेतले होते. लाइन १९३१ मध्ये आणि बंदर १९३३ मध्ये सुरू झाले, तेव्हा खाणीच ओस पडल्या होत्या. तेजीत आखलेले काम मंदीत पुरे होणे, हे या धंद्यात नवे नाही.

असे का होते? एक टन पोलादाला मँगनीज लागते ते किलोंमध्ये मोजण्याइतके, पण त्यावाचून पोलाद ठिसूळ होते. टंचाई आली की भट्टीवाला सांगेल तो भाव देतो, कारण एकूण खर्चात तो किरकोळ असतो. मागणी आटली की भाव कितीही पाडला तरी तो जास्त घेत नाही. खाण मात्र एका दिवसात उघडत नाही आणि एका दिवसात बंदही करता येत नाही. म्हणून या कंपनीच्या एका वर्षाच्या नफ्यावरून तिची किंमत ठरवणे धोक्याचे.

एका वर्षावरून ठरवू नये, हे शहाणपण या भागाला कागदोपत्री तरी जुने. इंग्रजांनी १८६० च्या दशकात मध्य प्रांतात मालगुजारी बंदोबस्त केला, तेव्हा गावाचा सारा एका हंगामाच्या पिकावर नव्हे, तर जमिनीची प्रत, सर्वसाधारण उत्पन्न आणि खंड पाहून ठरवला आणि बहुतेक ठिकाणी तो तीस वर्षांसाठी कायम केला. सरासरीची कल्पना चांगली होती. चुकले ते दुसरीकडे: सारा रुपयांत गोठवला गेला. रेल्वे आली, धान बाहेर जाऊ लागले, भाव चढले आणि तोच रुपया सरकारच्या हाती हलका होत गेला. चढत्या भावाचा लाभ गावाचा सारा भरणाऱ्या मालगुजाराला मिळाला, आणि जिथे त्याने खंड वाढवला तिथे त्याचा भार कुळावर पडला. मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले आणि उलट्या बाजूने सरासरीचा फोलपणा दाखवून गेले, कारण सारा सरासरी वर्षाचा असला तरी भरायचा होता तो दुष्काळाच्या वर्षात.

शेअर बाजारात सरासरीचा हाच विचार बेंजामिन ग्रॅहॅम आणि डेव्हिड डॉड यांनी १९३४ मध्ये, मंदीची राख अजून गरम असताना मांडला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले हे दोघे म्हणाले, की कंपनीचा नफा पाहायचा तर निदान पाच वर्षांची सरासरी घ्या, सात किंवा दहा वर्षांची असेल तर उत्तम. रुपयाच्या हलकेपणाची दुरुस्ती पुढे झाली. जॉन कॅम्बेल आणि रॉबर्ट शिलर यांनी १९८८ मध्ये जुन्या वर्षांचे नफे महागाईनुसार आजच्या पैशांत आणले, मग दहा वर्षांची सरासरी काढली आणि बाजारभावाला तिने भागले. शिलर यांनी डिसेंबर १९९६ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेपुढे हा हिशेब ठेवला. २००० मध्ये त्यावर पुस्तक आले आणि त्याच सुमारास तंत्रज्ञान कंपन्यांचा फुगा फुटला. २०१३ मध्ये शिलर यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनी हे माप प्रामुख्याने संपूर्ण बाजारासाठी वापरले. एकट्या कंपनीला लावायचे तर ते जास्त जपून लावावे लागते.

मॉइलवर ते लावून पाहण्याजोगे आहे, कारण तिचे आकडे खुले आहेत आणि धंदा अजून तसाच लहरी आहे. २००६-०७ मध्ये कंपनीचा निव्वळ नफा सुमारे १३४ कोटी रुपये होता. मग चीनच्या पोलाद कारखान्यांनी जगभरचे मँगनीज ओढायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी नफा ४८० कोटी, त्याच्या पुढच्या वर्षी ६६४ कोटी. डिसेंबर २०१० मध्ये सरकारांनी आपला २० टक्के हिस्सा बाजारात विकला: केंद्राचा १०, महाराष्ट्राचा ५, मध्य प्रदेशाचा ५. शेअरचा भाव ३७५ रुपये. अर्ज पन्नास पटींहून जास्त आले.

त्या वेळी २००९-१० चा ४६६ कोटींचा नफा धरून भाव दर शेअरमागच्या नफ्याच्या साडेतेरा पट भरत होता. सरकारी कंपनी, कर्ज नाही, तिजोरीत रोकड: साडेतेरा पट स्वस्तच वाटावा. पण तोच भाव २००६-०७ च्या नफ्याला लावला, शेअरांची संख्या तीच म्हणजे १६.८ कोटी धरली, तर तो ४७ पट होतो. तो नफा फक्त तीन वर्षांआधीचा. खाणी त्याच, दगड तोच. पहिल्या दिवशी शेअर ३७५ च्या बराच वर गेला. वर्षभरात तो त्या भावाखाली आला आणि घाईने अर्ज भरणारे अडकले.

आता उलट टोक. २०१५-१६ मध्ये मँगनीजचे भाव कोसळले आणि नफा १७३ कोटींवर आला. २०१६ च्या शरदात कंपनीने २४८ रुपयांनी स्वतःचे शेअर परत विकत घेतले. ताज्या नफ्याने मोजले तर हा भाव २४ पट, म्हणजे महाग. पण २००६-०७ ते २०१५-१६ या दहा वर्षांच्या नफ्याची सरासरी सुमारे ४२९ कोटी येते. तिने मोजले तर भाव दहा पटींच्याही आत. एकाच शेअरबद्दल दोन मापे दोन विरुद्ध गोष्टी सांगत होती.

इथे महागाईची दुरुस्ती उरते, आणि ती गोंदियाच्या चालीने करावी. या जिल्ह्यात पैशाची खरी किंमत धानात कळते. साधारण धानाचा हमीभाव २००६-०७ मध्ये बोनस सोडून ५८० रुपये क्विंटल होता, २०१५-१६ मध्ये १,४१०. म्हणजे पहिल्या वर्षाच्या १३४ कोटींत सुमारे २३ लाख क्विंटल धान आले असते. शेवटच्या १७३ कोटींत जेमतेम सव्वाबारा लाख. कागदावर वाढलेला नफा धानात निम्मा झाला होता. दहाही वर्षांचे नफे २०१५-१६ च्या धानभावात आणले तर सरासरी ६२० कोटींच्या आसपास जाते आणि २४८ चा भाव सात पटींच्या आत येतो. धानाचा हमीभाव म्हणजे सरकारचा महागाई निर्देशांक नव्हे, तो दिल्लीत राजकारण पाहून ठरतो. या दहा वर्षांत तो महागाईपेक्षा काहीसा वेगानेच चढला.

मग सरासरीने सांगितले ते खरे ठरले का? अर्धे ठरले. पुढच्या तीन वर्षांत नफा ३०६, ४२२ आणि ४७४ कोटी झाला. एका वाईट वर्षावरून कंपनीला मोडीत काढणारे चुकले. पण ६२० कोटींची सरासरी काही गाठली गेली नाही. २०१९-२० मध्ये नफा २४८ कोटी, २०२०-२१ मध्ये १७७ कोटी. कारण उघड आहे: त्या दहा वर्षांत चीनच्या तेजीची दोन वर्षे बसली होती, आणि महागाईच्या दुरुस्तीने ती आणखी फुगली. दहा वर्षे ही लांब मुदत वाटते, पण मँगनीजच्या सव्वाशे वर्षांत दहा वर्षे म्हणजे कधी कधी एकच लाट. १९०० ते १९०९ ची सरासरी घेणाऱ्याला १९३२ दिसलेच नसते.

ज्या कंपनीला भूतकाळच पुरेसा नाही, तिथे हे माप आणखी लंगडे पडते. गोंदिया जिल्ह्यातल्याच तिरोड्याला अदानी पॉवरचे ३,३०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. त्याचा पहिला संच २०१२ मध्ये सुरू झाला. या कंपनीने त्यानंतरची कितीतरी वर्षे तोट्यात काढली आणि २०२३-२४ मध्ये २०,८२९ कोटींचा नफा दाखवला. त्यात मागील वर्षांच्या थकीत वसुलीचा मोठा वाटा होता. ते एक वर्ष धरले तर कंपनी स्वस्त दिसते. तोट्याची वर्षे सरासरीत घेतली तर ती फार महाग दिसते. दोन्ही निष्कर्ष चुकीचे, कारण बांधकाम चालू असलेले केंद्र आणि पूर्ण क्षमतेने चालणारे केंद्र या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ज्या खाणी शतकभर त्याच टेकड्यांत आहेत, त्यांनाच हे माप जास्त शोभते.

खाणींचे नंतरचे आकडे तेवढे पाहण्यासारखे आहेत. भंडारा जिल्ह्यातली डोंगरी बुजुर्ग आणि चिखला, बालाघाटची भरवेली यांसह सगळ्या खाणी मिळून मॉइलने २०२४-२५ मध्ये सुमारे १८ लाख टन मँगनीज काढले. कंपनीच्या तोवरच्या इतिहासातले हे सर्वात मोठे उत्पादन. नफा झाला ३८२ कोटी. त्या वर्षी साधारण धानाचा हमीभाव २,३०० रुपये होता, म्हणजे नफ्याचे धान भरले साडेसोळा लाख क्विंटल. २००६-०७ मध्ये, चीनची तेजी सुरू होण्याआधी, ते २३ लाख होते.