डब्याच्या तळाशी दडलेले साल

गोळ्या, चॉकलेट आणि बिस्किटांचे जुने पत्र्याचे डबे जमविणारा नवखा संग्राहक चित्रावर भुलतो. जाणकार डबा उलटा करून तळाची बारीक अक्षरे वाचतो. डब्याला मोल येते ते बऱ्याच अंशी त्याच्या वयामुळे, आणि विक्रेता सांगेल ते वय खरे असतेच असे नाही.

पत्र्यावरील रंगीत छपाईला खरा वेग आला तो १८७५ नंतर. कठीण पत्र्यावर दगडी छाप्यावरून शाई नीट उतरत नसे. लंडनच्या रॉबर्ट बार्कले यांनी चित्र आधी मधल्या रुळावर व तेथून पत्र्यावर घेण्याच्या पद्धतीचे पेटंट त्या वर्षी मिळविले. 'हंटले अँड पामर्स' या बिस्किट कंपनीचे असे ३०० हून अधिक नक्षीदार डबे इंग्लंडमधील रेडिंगच्या संग्रहालयात पाहावयास मिळतात.

भारतीय डब्यांमध्ये जे. बी. मंघाराम कंपनीच्या बिस्किटांचे, देवादिकांची चित्रे असलेले डबे विशेष प्रिय. चित्रामुळेच ते भंगारात देणे अनेकांच्या जिवावर आले असावे! पत्त्यात सिंधमधील सक्कर असेल तर डबा फाळणीपूर्वीचा मानावा. ग्वाल्हेर असेल तर नंतरचा.

इतर खुणाही बोलक्या आहेत. किंमत 'नवे पैसे' अशी असेल तर डबा १९५७ ते १९६४ या काळातला. औंस आणि पौंडांची जागा ग्रॅमने घेतली ती १९५६ च्या कायद्यानंतर, टप्प्याटप्प्याने. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा. त्यापूर्वी विलेपार्ल्याचा पत्ता नुसता 'बॉम्बे-५७' असे. मात्र येथे एक सावधगिरी हवी. पिनकोड असलेला डबा १९७२ पूर्वीचा नव्हे, हे निश्चित. पण तो नसलेला डबा त्यापूर्वीचाच, असे म्हणता येत नाही. जुने छापे कारखाने पुढेही वापरीत.

व्हिक्टोरियाकालीन म्हणून पुढे केलेला डबा भिंगाखाली धरावा. जुन्या दगडी छपाईतील ठिपके हाताने टिपल्यासारखे अनियमित असतात. ठिपक्यांचे ओळीने मांडलेले जाळे दिसले, तर ती अलीकडची प्रतिकृती असण्याचीच शक्यता अधिक.

घरी आणलेला डबा घासून लख्ख करण्याचा मोह मात्र आवरावा. रंगाचा थर अतिशय पातळ असतो. काथ्याने वा साबणाच्या पाण्याने तो गंजाबरोबरच निघून जातो आणि पुन्हा रंगविलेल्या डब्याकडे संग्राहक पाठ फिरवितात. मऊ कोरड्या कापडाने धूळ टिपावी, पावसाळ्यात आत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि झाकण घट्ट बसत असल्यास ते वारंवार उघडू नये. रंग प्रथम कडेनेच उडतो.