डोपामिन खरंच 'आनंदाचं रसायन' आहे का?

रील्स बघून कंटाळा आला तरी अंगठा थांबत नाही. असं का होतं? याचं एक उत्तर डोपामिनमध्ये आहे. मेंदूतल्या या रसायनाला सर्रास 'आनंदाचं रसायन' म्हटलं जातं. संशोधन मात्र वेगळं सांगतं.

हा समज आला कुठून?

१९५४ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवले. कळ दाबली की मेंदूच्या ठरावीक भागाला विजेचा सौम्य झटका मिळे. उंदीर ती कळ पुन्हा पुन्हा दाबत राहिले. त्यावरून 'आनंदाचं केंद्र' सापडलं, असं मानलं गेलं. पुढे त्याचा संबंध डोपामिनशी जोडला गेला.

मग चुकलं कुठे?

१९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळपास संपवलं. हे उंदीर स्वतःहून खाईनात. पण तोंडात साखरेचं पाणी सोडलं की पूर्वीसारखेच जिभल्या चाटत. म्हणजे गोडी कायम होती, ओढ संपली होती.

माणसांमध्ये काय दिसतं?

पार्किन्सनच्या आजारात डोपामिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होत जातात. डोपामिनसारखं काम करणाऱ्या औषधांमुळे काही रुग्णांना जुगाराचा किंवा खरेदीचा अनावर नाद लागतो. असं जाणवल्यास औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावं.

थोडक्यात, एखादी गोष्ट हवीहवीशी वाटते म्हणजे ती आवडतेच असं नाही. पुढच्या रीलचंही तसंच आहे.